मशीन तैवानचं, पण कंट्रोलर कुणाचा?

प्रश्न : सर, सप्रेम नमस्कार. मच्छेला आमचं मशीन शॉप आहे. दोन सीएनसी (संगणकाच्या हुकमानं चालणारे) लेथ आहेत, दोन्हींवर फानुकचा कंट्रोलर, म्हणजे मशीन चालवणारा संगणक. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडींचं मिलिंग-टॅपिंग आजवर बाहेरून करून घेत होतो. आता तैवानचा व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन) घ्यायचं चाललंय. पुढंमागं चौथा अक्षही (जॉब फिरवणारं रोटरी टेबल) लावायचा विचार आहे. मशीन एकच, पण एजंटानं तीन कोटेशनं दिलीत : फानुक, सिमेन्स आणि सिंटेक. सिंटेकचं सगळ्यात स्वस्त. थोरले बंधू म्हणतात, मशीन तेच आहे तर पैसे कशाला जास्त घालवायचे? मुलगा पुण्यात शिकून आलाय, तो सिमेन्सवर अडून बसलाय. कुठला कंट्रोलर घ्यावा? (एक वाचक, मच्छे)

उत्तर : तुमच्या शॉपसाठी फानुक. उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. पण नुसतं नाव बघून सही केलीत तर फानुक घेऊनसुद्धा अडकाल. म्हणून कारणं सांगतो, आणि ऑर्डरच्या कागदावर काय काय लिहून घ्यायचं तेही.

पहिलं कारण माणसांचं. तुमच्याकडं रात्रपाळीला जो पोरगा उभा असतो, तो खानापूरकडचा असो नाहीतर पिरनवाडीचा, त्याचा हात फानुकच्या पडद्यावर बसलेला आहे. ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) कुठं भरायचा, मध्येच टॅप मोडला तर प्रोग्राम कुठल्या ब्लॉकपासून परत उचलायचा, हे तो न विचारता करतो. तोच पोरगा सिमेन्ससमोर उभा केलात तर शिकेल, नाही असं नाही. पण शिकेपर्यंतची मोडतोड तुमच्या स्पिंडलवर होणार. बेळगावच्या उद्यमबागेत फानुकवर हात बसलेला ऑपरेटर विचारलात तर मिळतो. सिमेन्सवाला शोधावा लागतो. सिंटेकवाला तुम्हालाच तयार करावा लागेल.

सिमेन्स वाईट नाही, हे मुलाला जरूर सांगा. त्याचं म्हणणं बिनबुडाचं नाही. तुमच्या मापाच्या व्हीएमसीवर बहुतेक ८२८डी देऊ केला असणार. त्यात शॉपमिल म्हणून जी सोय आहे तिच्यात खिसा, भोक, टॅपिंग अशा एकेका कामाचं चित्र पडद्यावर येतं, आकडे भरले की प्रोग्राम तयार. रोज नवा जॉब असेल, पाच-दहा नगांच्या ऑर्डरी असतील, तर याचा फार उपयोग होतो. शिवाय त्याचे ड्राइव्ह (मोटरींना वीज देणारे) सरळ ४०० व्होल्टवर चालतात. तुमचं काम डाय-मोल्डचं, म्हणजे साच्यांचं असतं किंवा रोज वेगळं असतं, तर मी मुलाच्या बाजूनं उभा राहिलो असतो. पण व्हॉल्व्ह बॉडीचं काम वेगळं. प्रोग्राम एकदा बसला की महिनोन्‌महिने तोच चालतो. तिथं प्रोग्राम किती लवकर लिहून होतो यापेक्षा मशीन किती कमी वेळ उभं राहतं हे महत्त्वाचं. आणि एकाच छपराखाली दोन भाषा झाल्या की चुका होतात. फानुकच्या लेथवर स्पिंडलच्या वेगाला मर्यादा घालायला जी ५० लिहितात, सिमेन्समध्ये लिम्स लिहावं लागतं. सिमेन्सला जी २९१ देऊन फानुकसारखं वागायला लावता येतं हे खरं, पण रात्री दोन वाजता पाळीवरच्या पोराकडून तेवढं भान धरायची अपेक्षा मी करणार नाही.

सिंटेकबद्दल. ही तैवानचीच कंपनी, १९९५ सालची, आणि तिचे कंट्रोलर जगभर चालतात. जी-कोडही (प्रोग्राममधल्या आज्ञा) फानुकच्या वळणाचेच आहेत, त्यामुळं ऑपरेटरला फार परकं वाटणार नाही. माझी हरकत मालाच्या दर्जाबद्दल नाही, बेळगावाबद्दल आहे. ऐन पावसाळ्यात बोर्ड गेला, तर दुसरा बोर्ड कुठल्या गावातून, किती दिवसांत आणि कुणाच्या हातून येणार? एजंटाकडून याचं उत्तर लेखी मिळालं, बोर्ड भारतात कुठं ठेवलेत त्याचा पत्ता मिळाला, तर बंधूंचं म्हणणं पुन्हा तोलून बघा. तोंडी उत्तरावर जाऊ नका.

आता आपल्या भागाची एक खास अडचण, जी पुण्या-बंगळूरच्या सल्लागाराला सुचणार नाही. बऱ्याच कंपन्यांनी सर्व्हिसचे विभाग राज्यांप्रमाणं पाडलेत. कोल्हापूर आपल्यापासून ११० किलोमीटर. तिथल्या शिरोलीतून, गोकुळ शिरगावातून इंजिनिअर सकाळी निघाला तर जेवणाच्या सुट्टीआधी तुमच्या दारात येईल. पण तुमचा पत्ता कर्नाटकातला, म्हणून तक्रार नोंदवली जाते बंगळूरला, पाचशे किलोमीटरवर, आणि तिथला माणूस रात्रीच्या गाडीत बसतो. फानुकचं भारतातलं मुख्य ठाणं बंगळूरला आहे, त्यामुळं सुट्या भागांच्या बाबतीत कर्नाटकात असण्याचा तोटा नाही, झाला तर फायदाच. प्रश्न माणसाचा. मशीनवाल्याच्या एजंटाला आणि कंट्रोलरवाल्याला, दोघांनाही स्वतंत्रपणे विचारा : बेळगावचा कॉल कोण घेणार? कोल्हापूरचा माणूस आला तर चालेल का, आणि त्याचं बिल वेगळं लागेल का? हे आधी ठरवून घेतलेले कारखाने मी बघितलेत, त्यांची मशीनं एका दिवसात सुरू होतात. न ठरवलेल्यांचे दोन-तीन दिवस नुसते फोनाफोनीत जातात.

यापुढचं सगळ्यात लक्ष देऊन वाचा. लोक म्हणतात, कंट्रोलर फानुकचा आहे, मग काय काळजी. पण कंट्रोलरमध्ये दोन कंपन्यांचं डोकं असतं. अक्ष हलवणं, स्पिंडल फिरवणं, जी-कोड वाचणं हे फानुकचं. टूल चेंजर, कूलंट, टूल पकडायचा क्लॅम्प, दाराचं इंटरलॉक, ल्युब्रिकेशन, या सगळ्याचं कुठल्या क्रमानं काय व्हायचं ते ठरवणारा लॅडर नावाचा प्रोग्राम मशीन बनवणाऱ्या कंपनीनं लिहिलेला असतो. पडद्यावर १००० ते १९९९ या आकड्यांतला अलार्म आला की ओळखावं, हा फानुकचा नाही, मशीनवाल्याचा. सिमेन्समध्ये हेच आकडे ७,००,००० पासून पुढं. फानुकच्या इंजिनिअरला बोलावलंत तर तो आपला भाग तपासेल, ठीक आहे म्हणेल आणि जाईल. त्याचा त्यात दोष नाही.

उद्यमबागेतल्या एका शॉपमध्ये मी हे जवळून बघितलंय. आयात केलेला व्हीएमसी, कंट्रोलर उत्तम, मशीनही दणकट. एक दिवस टूल चेंजरचा आर्म अर्धा फिरून थांबला. एक टूल स्पिंडलमध्ये, दुसरं आर्मच्या पकडीत लोंबकळतंय, आणि पडद्यावर मोडक्या इंग्रजीत एका ओळीचा अलार्म. लॅडर उघडून बघता आला असता तर कुठला सेन्सर सिग्नल देत नाही ते तिथल्या तिथं दिसलं असतं. सिग्नल येतोय त्याची रेघ उजळते, अडलेली रेघ तशीच राहते, एवढं ते सरळ असतं. पण लॅडरला पासवर्ड घातलेला. बनवणाऱ्या कंपनीला मेल गेले, उत्तर नाही, ती बंद पडली होती. ज्या एजंटानं मशीन विकलं त्यानं तोवर दुसऱ्या कंपनीची एजन्सी घेतलेली. इलेक्ट्रिकल ड्रॉइंग होतं, पण त्याच्या आधीच्या मॉडेलचं, वायरींचे नंबर जुळेनात. शेवटी आम्ही पॅनेलपासून एकेक वायर हातानं चाचपत गेलो. निघालं काय, तर आर्मच्या मागच्या प्रॉक्सिमिटी सेन्सरच्या तोंडावर बिडाची बुकणी आणि तेल यांचा थर बसला होता. कापडानं पुसला, मशीन चालू. त्या पुसण्यासाठी मशीन कित्येक दिवस उभं होतं आणि मालकानं दोन गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली.

म्हणून ऑर्डरच्या कागदावर हे लिहून घ्या : लॅडर कॉमेंटसकट आणि पासवर्डशिवाय, नाहीतर पासवर्ड बंद पाकिटात. तुमच्या मशीनच्या क्रमांकाचं इलेक्ट्रिकल ड्रॉइंग. एम-कोडची (टूल बदल, कूलंट चालू अशा आज्ञांची) आणि मशीनवाल्याच्या अलार्मांची यादी, प्रत्येक अलार्मापुढं कुठला इनपुट बघायचा त्यासह. पॅरामीटरची छापील यादी आणि बॉलस्क्रूच्या पिच एररच्या (आट्यांतल्या बारीक चुकीच्या) भरपाईचे आकडे. आयातीत बहुतेक पैसे एलसीवर (बँकेच्या हमीपत्रावर) जातात, म्हणजे माल जहाजावर चढला की पैसे गेले. नंतर कागद मागत बसणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. त्यामुळं हे सगळं पॅकिंग लिस्टमध्येच टाकायला लावा, आणि जमत असेल तर काही रक्कम मशीन तुमच्या जागेवर चालू होईपर्यंत राखून ठेवा. चांगला मशीनवाला या मागण्यांना बिचकत नाही. जो लॅडर द्यायला का-कू करतो, त्याच्याकडून कुठल्याच कंट्रोलरचं मशीन घेऊ नका, हे माझं ठाम मत आहे.

आता कोटेशनमधला 'फानुक' हा शब्द. एवढ्यानं भागत नाही. फानुकचं झिरो-आय एमएफ हे मॉडेल आहे का, त्यातला कुठला टाइप, मोटरी अल्फा मालिकेतल्या की बीटा, स्पिंडलची मोटर आणि ड्राइव्हही फानुकचेच आहेत का, हे नावानिशी लिहून मागा. काही ठिकाणी कंट्रोलर एकाचा आणि स्पिंडलचा ड्राइव्ह दुसऱ्याचा असतो. तुमच्या बॉडीत पोर्टांचे आटे म्हणजे जीव. जी ८४ नं रिजिड टॅपिंग करताना स्पिंडल आणि झेड अक्ष एकमेकांना धरून फिरावे लागतात. ती जोडणी पक्की नसेल तर फ्लोटिंग होल्डर (टॅपला थोडं मागंपुढं सरकू देणारा) वापरत बसाल आणि आटे ढिले पडतील. मशीन बघायला जाल तेव्हा तुमचीच बॉडी घेऊन जा, तुमच्याच मापाचा टॅप मारायला लावा आणि गो-नोगो गेजनं स्वतः तपासा.

चौथा अक्ष 'पुढंमागं' घेऊ म्हणता, तर त्याची तयारी आत्ताच करून घ्या. पॅनेलमध्ये चौथ्या अक्षाचा अॅम्प्लिफायर, टेबलापर्यंत केबल, हवेची किंवा तेलाची क्लॅम्पिंग लाइन आणि लॅडरमध्ये त्याचे एम-कोड. नंतर हे करायला घेतलंत की खर्च दुपटीवर जातो आणि लॅडर बदलायला पुन्हा तैवानकडं तोंड करावं लागतं. दुसरी गोष्ट, रोटरी टेबलावरची मोटर कंट्रोलरच्याच घराण्यातली लागते. फानुकच्या मशीनवर फानुकची मोटर, सिमेन्सच्या मशीनवर सिमेन्सची. आज स्वस्तात मिळतंय म्हणून कुणाचं वापरलेलं रोटरी घेऊन ठेवाल आणि ते जुळणार नाही. त्याला वेगळा छोटा कंट्रोलर लावून एम-कोडवर नुसतं ठरलेल्या कोनात फिरवून घेता येतं. बॉडीच्या चार बाजू एकाच पकडीत करायला तेवढंही पुरतं, पण अक्ष फिरता ठेवून कापता येत नाही. झिरो-आयमध्ये एका वेळी चारच अक्ष मिळून चालतात. तुम्हाला तेवढे पुष्कळ झाले. एजंट पाच अक्षांच्या कंट्रोलरची भुरळ घालील, तिकडं बघू नका.

एक ऑप्शन मात्र मी आवर्जून घ्यायला सांगेन : प्रोब (जॉबला टेकून जागा मोजणारा), आणि त्याला लागणारे कस्टम मॅक्रो व स्किप सिग्नल, म्हणजे जी ३१. आपल्याकडच्या फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगमध्ये कोअर थोडा इकडं-तिकडं सरकलेला असतोच. फिक्स्चरमध्ये बॉडी बरोबर बसली तरी आतलं भोक मध्यावर नसतं. प्रोबनं भोकाचा मध्य शोधून कामाचं शून्य तिथं नेलं की भिंतीची जाडी सगळीकडं सारखी राहते, आणि प्रेशर टेस्टला बॉडी गळायची कमी होते. हा पैसा वर्षभरात वसूल होतो.

मेमरी, लुक-अहेड, वेगवान कंटूरिंग यांत मी फार शिरत नाही. डाय-मोल्डवाल्यांचे ते विषय. तुमचे प्रोग्राम छोटे.

विजेचं मात्र नीट ऐका. तैवानच्या बऱ्याच मशीनांना तीन फेज २२० व्होल्ट लागतात, आपल्याकडं वीज कंपनी हेस्कॉमची लाइन ४१५ ची. ट्रान्सफॉर्मर कोटेशनमध्ये धरलाय की मशीन आल्यावर तुमच्या गळ्यात पडणार, ते विचारा. त्याच्या आधी सर्व्हो स्टॅबिलायझर, आणि कंट्रोलरसाठी स्वतंत्र अर्थिंग. वेल्डिंगच्या अर्थिंगला जोडू नका. मच्छेला आजूबाजूला फाउंड्री असतील तर पॅनेलचं दार उघडं टाकून पंखा लावायची सवय आजच मोडा. बिडाच्या बुकणीत ग्राफाइट असतं आणि ग्राफाइटमधून वीज वाहते. मी सर्व्हो अॅम्प्लिफायर उघडून बघितलेत, आतल्या बोर्डावर काजळीसारखी काळी साय धरलेली असते. कोरडी असते तोवर चालतं. पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की ड्राइव्ह फुटतो, आणि दोष कंट्रोलरला दिला जातो. पॅनेलला बंद एसी किंवा हीट एक्स्चेंजर घ्या आणि दाराचं रबर दरवर्षी बदला.

मशीन बसवून इंजिनिअर जायच्या आधी त्याच्यासमोर बॅकअप घ्या, तुमच्या मुलाच्या हातानं. फानुकवर तो असा घेतात : कंट्रोल बंद करायचा, कार्ड खोचायचं, पडद्याखालच्या सॉफ्ट कीच्या ओळीतली अगदी उजवीकडची दोन बटणं एकदम दाबून धरायची आणि तशीच धरून कंट्रोल चालू करायचा. नेहमीचा पडदा न येता 'सिस्टिम मॉनिटर' नावाचा मेन्यू येतो. त्यातल्या एसरॅमच्या (बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीच्या) पर्यायात जाऊन बॅकअप निवडायचा. पॅरामीटर, ऑफसेट, पिच एरर सगळं कार्डावर उतरतं. लॅडर यात येत नाही, तो फ्लॅश मेमरीत असतो, त्याच मेन्यूतल्या सिस्टिम डेटा सेव्हमधून वेगळा घ्यावा लागतो. पुष्कळ जण पहिलंच करून थांबतात. आणि सावध राहा, त्याच मेन्यूत पुसून टाकायचे पर्यायही आहेत, बॅकअपच्या शेजारीच रिस्टोअर आहे. म्हणून पहिल्या वेळी जाणता माणूस शेजारी हवाच. कार्डाच्या दोन प्रती करा. एक शॉपमध्ये, एक घरच्या कपाटात, कागदी पाकिटावर मशीनचा नंबर आणि तारीख घालून.

प्रश्न : निपाणीजवळ माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन साधे लेथ. कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात वापरलेला जपानी सीएनसी लेथ बघितला. कंट्रोलर फानुक झिरो-टी. बेड छान दिसतो, दर परवडणारा आहे. कंट्रोलर फार जुना होतो का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : जुना आहे, पण जुना म्हणून टाकाऊ नाही. झिरो मालिका १९८० च्या दशकातली. तिचे बोर्ड दुरुस्त करणारी माणसं कोल्हापुरात, बेळगावात आहेत, आणि ग्राहक वापरतोय तोवर सांभाळायचं ही फानुकची जाहीर भूमिका आहे. बुशी, पिना, फ्लँज अशा कामाला तो चालेल. मेमरी कागदी फितीच्या मीटरात मोजायच्या काळातला आहे. ८० मीटर म्हणजे सुमारे ३२ केबी. तुमच्या कामाला पुरेल.

व्यापाऱ्याकडं मशीन चालू करून दाखवायचा आग्रह धरा. बंद मशीनचा सौदा नको. चालू झालं की पहिलं काम, पॅरामीटर ९०० च्या पुढचे आकडे मोबाइलवर फोटो काढून घ्या. या मालिकेत ऑप्शन त्या आकड्यांत असतात. ते पुसले गेले तर आटे पाडायची, टूल नोज भरपाईची सोय मशीनमध्ये असूनही हरवते. पॅनेलच्या दाराच्या आत मूळ कागद चिकटवलेला असेल तर त्याचाही फोटो घ्या आणि दोन्ही ताडून बघा. ही मेमरी टॉर्चच्या मोठ्या मापाच्या तीन अल्कलाइन सेलांवर जिवंत असते. सेल वर्षातून एकदा, आणि कंट्रोल चालू ठेवूनच बदलायचे. गोदामात मशीन वर्षानुवर्षं बंद पडून असेल तर सेल बहुधा मेलेले असणार. तेव्हा त्याचे पॅरामीटर कुणी आणि कुठून भरले, हे व्यापाऱ्याला विचारा.

काळी सीआरटी असेल तर त्या जागी एलसीडी बसवता येतो, तो खर्च सौद्यात धरा. जपानी मशीन २०० व्होल्टवर, ट्रान्सफॉर्मर लागणारच. डायल लावून एक्स आणि झेडचा बॅकलॅश (उलट फिरतानाचा ढिलेपणा) तपासा, स्पिंडल तासभर फिरवून बेअरिंग किती तापतं ते हात लावून बघा. बेड आणि स्पिंडल खरोखर चांगले असतील तर पुढं कधी कंट्रोलर बदलूनही घेता येतो. बेड झिजलेला असेल तर नवा कंट्रोलर घालून उपयोग नाही.

त्याच गोदामात मॅझाट्रॉलचं, म्हणजे मॅझॅक कंपनीच्या कंट्रोलरचं मशीन दाखवतील. मॅझाट्रॉल सोपा आहे, ऑपरेटरशी पडद्यावर बोलत बोलत काम करून घेतो. पण जुन्या मशीनांत साधे जी-कोड चालवायची सोय ऑप्शन होती. ती नसेल तर बाहेर लिहिलेला प्रोग्राम त्यात चालणार नाही. अलीकडच्या काळातलं, महागडं जपानी मशीन स्वस्तात सांगितलं तर आणखी सावध राहा. जपानच्या निर्यात नियमांमुळं तिथल्या काही मोठ्या कंपन्यांच्या मशीनांत जागा हलवल्याचं ओळखणारं उपकरण असतं. मशीन उचलून दुसरीकडं नेलं की कंट्रोलर स्वतःला कुलूप लावून घेतो, आणि ते उघडायला मूळ कंपनीचीच परवानगी लागते. बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टमचा कागद) आणि चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला बघितल्याशिवाय पैसे मोजू नका. बँकेकडं जाणार असाल तर बँकवाले हे कागद तसेही मागतील.

प्रश्न : आमच्या व्हीएमसीच्या पडद्यावर खाली 'एपीसी' असं लुकलुकतंय. मशीन व्यवस्थित चालतंय. दुर्लक्ष केलं तर चालेल का? (एक वाचक, गोकाक)

उत्तर : चालणार नाही. अक्षांची जागा लक्षात ठेवणाऱ्या एन्कोडरची बॅटरी उतरलीय. ती सर्व्हो अॅम्प्लिफायरजवळ असते. कंट्रोल चालू ठेवून, इमर्जन्सी बटण दाबून बदला. बंद करून बदललीत किंवा ती पूर्ण उतरू दिलीत, तर मशीन आपलं शून्य विसरेल आणि ३०० नंबरचा अलार्म येईल. मग शून्य परत लावताना टूल चेंजची उंची थोडी जरी चुकली तरी आर्म स्पिंडलवर आदळतो. पडद्यावर 'बॅट' लुकलुकलं तर ती वेगळी, कंट्रोलरच्या मेमरीची बॅटरी. दोन्ही बदलल्याची तारीख पॅनेलवर खडूनं नको, पक्क्या शाईनं लिहा.

प्रश्न : मी खानापूरची, मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. सीएनसीत करिअर करायचं आहे. क्लासवाले म्हणतात फानुक शिक, कुणी म्हणतं सिमेन्सला पगार जास्त. आधी काय शिकू? आणि मुलींना शॉप फ्लोअरवर घेतात का? (एक वाचक)

उत्तर : आधी फानुक, कारण आपल्या टापूत उद्या सकाळी ज्या मशीनसमोर उभी राहशील त्यावर बहुधा तोच असेल. त्याचे जी-कोड पक्के झाले की सिंटेक, मित्सुबिशी समजायला वेळ लागत नाही. सिमेन्ससाठी सिन्यूट्रेन नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते साध्या संगणकावर खऱ्या कंट्रोलरसारखं चालतं. घरी बसून त्यावर सराव कर. उद्यमबागेत जीटीटीसी (सरकारी टूल रूम आणि प्रशिक्षण केंद्र) आहे, तिथल्या छोट्या अभ्यासक्रमांची चौकशी कर. खऱ्या मशीनवर हात फिरवायला मिळतो.

कॅम सॉफ्टवेअरनं प्रोग्राम काढायची घाई करू नकोस. आधी एक साधी पायरीची शाफ्ट घेऊन कागदावर हातानं प्रोग्राम लिही, जी ४१ आणि जी ४२ मध्ये टूल कुठल्या बाजूला राहतं ते पेन्सिलीनं काढून बघ. आणि एक गोष्ट जी क्लासमध्ये फारशी शिकवत नाहीत : लॅडर वाचायला शीक. प्रोग्राम लिहिणारे पुष्कळ मिळतात, पण अलार्म आल्यावर कुठला इनपुट अडलाय ते पडद्यावर शोधून सांगणारं माणूस आपल्या सगळ्या सीमाभागात मोजकंच आहे, आणि त्याला निपाणीपासून खानापूरपर्यंत बोलावणी येतात.

मुलींना घेतात. इन्स्पेक्शनला, प्रोग्रामिंगला घेतात आणि मशीनवरही घेतात. मुलाखतीला जाताना तू हातानं लिहिलेल्या प्रोग्रामांची वही सोबत ने, आणि पाळी, जायची-यायची सोय हे पगाराच्या आधी विचार.